सिग्नल पोचतो तेव्हा कर्नेलमध्ये नेमकं काय होतं?

मागच्या व्याख्यानात आपण प्रोसेस म्हणजे काय, ती झोपते कशी आणि शेड्युलर तिला पुन्हा कामाला कसा लावतो, हे पाहिलं. आज, त्याच प्रोसेसचं काम चालू असताना बाहेरून कुणी तिला हाक मारली तर काय होतं, ते पाहायचं आहे. म्हणजेच सिग्नल.

विषय तसा ओळखीचा आहे. टर्मिनलवर काम करणाऱ्या प्रत्येकाने कंट्रोल-सी दाबलेलं असतं. प्रोग्रॅम अडकला की 'किल -९' देऊन मोकळं व्हायचं, हेही आपल्यापैकी बहुतेकांच्या हाताला लागलेलं वळण आहे. पण मग काही प्रश्न उरतात. 'किल -९' देऊनसुद्धा एखादी प्रोसेस जागची हलत नाही, ते का? कंटेनर बंद करायला बरोबर १० सेकंद का लागतात? आणि सिग्नल आल्यावर लॉगमध्ये एक ओळ लिहिणं, या इतक्या साध्या गोष्टीमुळे २०२४ साली जगभरच्या सर्व्हरवर धावपळ का उडाली?

या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. कर्नेल सिग्नल 'पोचवत' नाही, ते फक्त नोंद करून ठेवतं. ती नोंद वाचायची आणि त्याप्रमाणे वागायचं, हे काम ज्या प्रोसेसला सिग्नल आला तिचं तिलाच करावं लागतं, तेही एका ठरावीक वळणावर. आपण लिनक्सचं उदाहरण घेऊन हे टप्प्याटप्प्याने पाहू.

सिग्नल म्हणजे एक आकडा

सिग्नल म्हणजे फार मोठा संदेश नव्हे. तो मुळात एक आकडा आहे. लिनक्समध्ये १ ते ६४ असे आकडे आहेत. त्यातले १ ते ३१ हे जुने, नेहमीचे सिग्नल. सिगइंट म्हणजे २, कंट्रोल-सी दाबल्यावर जातो तो. सिगकिल म्हणजे ९. सिगसेगव्ही म्हणजे ११, प्रोग्रॅमने भलत्याच मेमरीला हात लावला की येतो तो. सिगटर्म म्हणजे १५. आपण नुसतं 'किल' आणि प्रोसेसचा क्रमांक दिला तर हाच १५ जातो. थोडक्यात, 'किल' या कमांडचं नाव फसवं आहे. ती मारत नाही, पाठवते.

पाठवणारे तीन प्रकारचे. एक, आपण कीबोर्डवरून. तेव्हा टर्मिनलचा ड्रायव्हर पुढे चालू असलेल्या सगळ्या प्रोसेस-गटाला सिग्नल देतो. दोन, दुसरी एखादी प्रोसेस. आणि तीन, खुद्द कर्नेल: मेमरीची चूक झाली, लावलेला अलार्म वाजला, मूल-प्रोसेस संपली, अशा वेळी.

प्रत्येक सिग्नलसाठी एक ठरलेलं वागणं असतं: संपून जाणं, मेमरीची प्रत टाकून संपणं, थांबणं, पुन्हा चालू होणं किंवा काहीच न करणं. प्रोग्रॅम हे वागणं बदलू शकतो. तो सिग्नलकडे दुर्लक्ष करू शकतो किंवा 'हा आला की माझं हे फंक्शन चालव' असं सांगू शकतो. त्या फंक्शनला हँडलर म्हणतात. अपवाद दोनच, सिगकिल आणि सिगस्टॉप. या दोघांना अडवताही येत नाही आणि टाळताही येत नाही.

पूर्वार्ध: नोंद करणं

आता समजा, आपण एका प्रोसेसला सिगटर्म पाठवला. पहिल्यांदा कर्नेल अधिकार तपासतं. पाठवणारा आणि घेणारा एकाच वापरकर्त्याचे असावे लागतात, नाहीतर पाठवणाऱ्याकडे रूटसारखे अधिकार असावे लागतात. हे जमलं की कर्नेल घेणाऱ्या प्रोसेसचं खातं उघडतं. प्रत्येक प्रोसेससाठी, आणि तिच्यातल्या प्रत्येक थ्रेडसाठी, कर्नेलकडे असं खातं असतं. त्यात सिग्नलच्या संदर्भात तीन गोष्टी असतात.

पहिली, थकबाकीची यादी. आलेले पण अजून न वाचलेले सिग्नल तिच्यात असतात. ही यादी म्हणजे ६४ बिटांचा एक शब्द. प्रत्येक सिग्नलला एक बिट, म्हणजे एक घर. घरात १ असेल तर सिग्नल आलाय, ० असेल तर नाही. अशा दोन याद्या असतात, एक त्या थ्रेडपुरती खासगी आणि एक सगळ्या प्रोसेसची सामाईक. दुसरी गोष्ट, मनाईची यादी, म्हणजे 'सध्या हे सिग्नल मला देऊ नका' असं थ्रेडने सांगून ठेवलेलं असतं ती. आणि तिसरी, कोणत्या सिग्नलला काय करायचं याचा तक्ता.

कर्नेल तक्ता पाहतं. प्रोसेस या सिग्नलकडे दुर्लक्षच करणार असेल आणि तो मनाईच्या यादीत नसेल, तर तो तिथल्या तिथे टाकून दिला जातो. नाहीतर यादीतल्या त्याच्या घरात १ लिहिला जातो. मग कर्नेल एखादा असा थ्रेड निवडतं, ज्याला या सिग्नलची मनाई नाही, आणि त्याच्या माथ्यावर एक छोटी खूण लावतं: 'तुझ्यासाठी निरोप आहे, जाताना बघून जा.' तो थ्रेड उठवता येईल अशा झोपेत असेल तर त्याला उठवलं जातं. तो दुसऱ्या एखाद्या प्रोसेसर-कोअरवर चालू असेल तर त्या कोअरला इंटरप्टचा एक धक्का दिला जातो, म्हणजे तो क्षणभर तरी कर्नेलमध्ये येतो.

बस्स. पाठवणाऱ्याचं काम इथे संपलं. 'किल' हा सिस्टीम कॉल यशस्वी होऊन परत येतो. त्याने शून्य परत दिलं याचा अर्थ 'समोरची प्रोसेस मेली' असा नाही. अर्थ इतकाच, की नोंद झाली. पुष्कळ स्क्रिप्ट इथेच गडबड करतात. सिग्नल पाठवला की लगेच पुढच्या ओळीत तीच प्रोसेस नव्याने सुरू करायची, आणि मग 'पोर्ट आधीच वापरात आहे' अशी तक्रार आली की डोकं खाजवायचं. जुनी प्रोसेस अजून आवराआवर करत असते हो.

उत्तरार्ध: नोंद वाचणं

मग ती खूण वाचली कधी जाते? प्रोसेस दोन जगांत वावरते. आपला प्रोग्रॅम चालतो ते एक जग, आणि कर्नेलचं दुसरं. सिस्टीम कॉल केला, पेज फॉल्ट झाला, टायमरचा इंटरप्ट आला, की ती कर्नेलच्या जगात जाते. तिथलं काम झालं की परत फिरते. हा परतीचा उंबरठा महत्त्वाचा. तो ओलांडण्याआधी कर्नेल पाहतं, माथ्यावर खूण आहे का? असेल, तरच सिग्नलचा कारभार सुरू होतो.

म्हणजे एखादी प्रोसेस नुसतीच अखंड लूपमध्ये गोल फिरत असेल, एकही सिस्टीम कॉल करत नसेल, तरी ती सुटत नाही. इंटरप्ट येतोच, आणि इंटरप्टवरून परतताना उंबरठा लागतोच.

उंबरठ्यावर कर्नेल यादीतून एक सिग्नल उचलतं. मेमरीच्या चुकीसारखे, प्रोसेसच्या स्वतःच्या कृतीतून उद्भवलेले सिग्नल आधी. बाकीच्यांत लहान आकडा आधी. मग तक्त्यात पाहून दोनपैकी एक रस्ता.

पहिला रस्ता, 'संपून जा'. इथे लक्ष द्या. कुणी बाहेरचा येऊन प्रोसेसला पुसून टाकत नाही. ती प्रोसेसच, कर्नेलच्या जगात उभी राहून, स्वतःचा गाशा गुंडाळण्याचं काम करते. मेमरी सोडते, फाइली बंद करते, पालक-प्रोसेसला सिगचाइल्ड पाठवते आणि थांबते. 'किल -९' असला तरी हेच.

दुसरा रस्ता, हँडलर चालवणं. हा जास्त गमतीचा. हँडलर हे आपल्या प्रोग्रॅममधलं फंक्शन, ते कर्नेलच्या अधिकारात चालवणं धोक्याचं. म्हणून कर्नेल एक युक्ती करतं. प्रोसेस जिथे थांबली होती तिथली सगळी रजिस्टरं ते प्रोग्रॅमच्याच स्टॅकवर नीट मांडून ठेवतं. मग 'पुढची सूचना कोणती' हे सांगणारं रजिस्टर बदलून त्यात हँडलरचा पत्ता घालतं, आणि प्रोसेसला सोडून देतं. प्रोसेस परत येते ती थेट हँडलरमध्ये. हँडलर संपला की परतीचा पत्ता तिला एका खास सिस्टीम कॉलकडे नेतो, त्याचं नाव सिगरिटर्न. तो स्टॅकवरची रजिस्टरं जशीच्या तशी परत बसवतो, आणि प्रोग्रॅम मूळ जागेवरून पुढे चालू लागतो. मध्ये काही घडलं याचा त्याला पत्ताही नसतो.

आता यातून तीन परिणाम निघतात. आजच्या व्याख्यानाचा खरा गाभा तिथे आहे.

परिणाम पहिला: ९ नंबरालाही न जुमानणारी प्रोसेस

नोंद प्रोसेसने स्वतः वाचायची आहे. मग ती उंबरठ्यापर्यंत येऊच शकत नसेल तर?

झोपेचे दोन प्रकार आपण मागे पाहिले. एक, उठवता येणारी झोप, कीबोर्डवरून किंवा नेटवर्कवरून काही येण्याची वाट पाहणं. दुसरी, न उठवता येणारी. डिस्कला काम दिलंय, अर्ध्यावर आहे, अशा वेळी प्रोसेसला उठवलं तर कर्नेलचीच आतली मांडणी विस्कटेल. म्हणून तिथे सिग्नलने जाग येत नाही. 'पीएस'च्या यादीत ही अवस्था 'डी' अक्षराने दिसते. नेटवर्कवरची डिस्क जोडलेली आहे आणि पलीकडचा सर्व्हर गायब झाला, की प्रोसेस इथे अडकून बसते. तुम्ही दहा वेळा 'किल -९' द्या. नोंद आहे, खूण आहे, वाचायला कुणी जागं नाही.

हा जाच कमी करण्यासाठी २००८ साली लिनक्स २.६.२५ मध्ये झोपेचा मधला प्रकार आला. इतर सिग्नलनी जाग येणार नाही, पण जीवघेणा सिग्नल असेल तर येईल. कारण मरायचंच असेल तर प्रोग्रॅमकडे अर्धवट उत्तर घेऊन जाण्याचा प्रश्नच नाही. नेटवर्क-डिस्कच्या बऱ्याच वाटा आता या प्रकारच्या झोपेत असतात, पण सगळ्या नाहीत.

याच्या जोडीला 'झेड' अवस्थेबद्दल एक वाक्य. झॉम्बी प्रोसेस 'किल -९'ने जात नाही, कारण ती आधीच मेलेली आहे. पालकाने तिचा निकाल वाचलेला नाही, म्हणून फक्त वहीत नाव उरलंय. दुखणं पालकाचं आहे, तिचं नाही.

परिणाम दुसरा: पाच वेळा पाठवा, एकदाच पोचेल

यादीत प्रत्येक सिग्नलला एकच घर आहे. घरात आधीच १ असेल आणि तोच सिग्नल पुन्हा आला, तर लिहायचं काय? १ वर १ लिहून १ च. लिफ्टचं बटण आठवा. घाईत पाच वेळा दाबलं तरी दिवा एकदाच लागतो आणि लिफ्ट एकदाच येते.

सिगचाइल्डच्या बाबतीत हे फार महागात पडतं. तीन मुलं-प्रोसेस जवळजवळ एकाच वेळी संपल्या, तर पालकाचा हँडलर एकदाच चालू शकतो. हँडलरमध्ये आपण एकाच मुलाचा निकाल वाचला, तर दोन झॉम्बी शिल्लक. म्हणून नियम असा, की सिग्नल आला म्हणजे 'एक घटना झाली' असं मानायचं नाही, 'निदान एक तरी झाली' असं मानायचं. वाचण्यासारखं काही उरत नाही तोवर लूपमध्ये वाचत राहायचं. एकेक सिग्नल मोजून हवा असेल तर ३१ च्या पुढचे, रिअल-टाइम म्हणवले जाणारे सिग्नल आहेत. ते रांगेत उभे राहतात.

परिणाम तिसरा: कुठेही, कधीही

हा सगळ्यात गंभीर. इंटरप्ट प्रोग्रॅमच्या कोणत्याही सूचनेवर येऊ शकतो. म्हणजे हँडलरही कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये घुसू शकतो.

किराणा दुकानदार वहीत लिहितोय असं समजा. माल गेला हे लिहून झालं, पैसे आले हे लिहायचं आहे. तेवढ्यात कुणी त्याचा हात धरून त्याच वहीत दुसरा हिशोब लिहायला लावला. वही त्या क्षणी अर्धवट आहे. तिच्या भरवशावर केलेला दुसरा हिशोब चुकणारच.

मॅलॉक, म्हणजे मेमरी मागणारं फंक्शन, अशीच एक वही ठेवतं. प्रोग्रॅम मॅलॉकच्या मध्यावर असताना सिग्नल आला आणि हँडलरनेही मॅलॉक वापरलं, तर वही बिघडते. किंवा वहीला कुलूप असेल तर हँडलर त्या कुलपाची वाट पाहत बसतो, आणि कुलूप उघडणारा मात्र हँडलर संपण्याची वाट पाहत असतो. दोघेही तोच प्रोग्रॅम! प्रिंटएफ, सिसलॉग अशी रोजची फंक्शनंही आतून अशाच सामाईक गोष्टी हाताळतात. हँडलरमध्ये चालणाऱ्या फंक्शनांची यादी पॉझिक्स मानकाने दिली आहे, आणि ती अपेक्षेपेक्षा बरीच छोटी आहे.

१ जुलै २०२४ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएचमधली एक त्रुटी जाहीर केली. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायला आपण जो प्रोग्रॅम वापरतो, तो हा. त्याचा नियम असा: जोडणी केल्यावर १२० सेकंदांत लॉगिन झालं नाही तर सिगअलार्म येतो आणि जोडणी तोडली जाते. तोडताना हँडलर लॉगमध्ये एक ओळ लिहायचा, सिसलॉग वापरून. लिनक्सच्या ग्लिबसीमध्ये सिसलॉग आतून मेमरी मागतं. म्हणजे हल्लेखोराने वेळ अचूक साधली, तर मेमरीची वही अर्धवट असतानाच हँडलर तिच्यात लिहितो. त्यातून पासवर्डशिवाय, थेट रूटच्या अधिकारात शिरकाव करता येत होता. ३२-बिट यंत्रावर संशोधकांना सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागले. हे ऐकायला फार वाटतं, पण प्रयत्न करणारं यंत्र असतं, माणूस नव्हे.

आणखी बोचणारी गोष्ट म्हणजे हीच त्रुटी २००६ साली सापडून दुरुस्त झाली होती. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कोड आवरताना ती राखण काढली गेली, आणि २०२१ च्या मार्चमधल्या ८.५ आवृत्तीपासून दार पुन्हा उघडं झालं. ओपनबीएसडी मात्र सुरक्षित राहिली, कारण तिथे हँडलरमध्ये चालेल असं सिसलॉगचं वेगळं रूप २००१ पासूनच होतं.

मग करायचं काय? हँडलरमध्ये काम करायचंच नाही. एक खूण लिहायची आणि बाहेर पडायचं. काम मुख्य लूपने, आपल्या सवडीने, वही पूर्ण असताना करायचं. लिनक्समध्ये २००७ पासून सिग्नलएफडी आहे. त्यात सिग्नल फाइलसारखा वाचता येतो, हँडलरची गरजच उरत नाही. म्हणजे पाहा, कर्नेल जे करतं तेच आपणही करायचं: आधी नुसती नोंद, आणि योग्य जागी आल्यावर काम.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: मग 'किल -९' वापरूच नये का?

वापरावा, पण शेवटी. सिगटर्म हे सांगणं आहे, 'आवरून निघ.' प्रोग्रॅमला हँडलर चालवायची, बफरमधलं डिस्कवर लिहायची, तात्पुरत्या फाइली पुसायची संधी मिळते. सिगकिलमध्ये आपल्या कोडची एकही ओळ चालत नाही. कर्नेल मेमरी आणि फाइली सोडवतं, पण तुमच्या व्यवहाराचा अर्थ त्याला माहीत नसतो. पोस्टग्रेसचं उदाहरण घ्या. तिथे एका ग्राहकाची जोडणी सांभाळणाऱ्या एकाच प्रोसेसला 'किल -९' दिला, तर मुख्य प्रोसेस बाकीच्या सगळ्या जोडण्या तोडते आणि डेटाबेस दुरुस्तीच्या फेरीतून नेते. सामाईक मेमरी अर्धवट अवस्थेत राहिली असेल, हा धोका ती पत्करत नाही. एकाची घाई, सगळ्यांना फटका.

प्रश्न: आमचा कंटेनर थांबायला नेहमी दहा सेकंद घेतो. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट आहे. डॉकर थांबवताना आधी सिगटर्म देतो, १० सेकंद वाट पाहतो आणि मग सिगकिल. कुबरनेटीसमध्ये ही मुदत मुळात ३० सेकंदांची असते. कंटेनरमध्ये तुमचा प्रोग्रॅम १ क्रमांकाची प्रोसेस असतो. कर्नेल १ क्रमांकाला खास वागणूक देतं: ज्या सिग्नलसाठी तिने हँडलर लावलेला नाही, त्याचं 'संपून जा' हे ठरलेलं वागणं तिला लागू होत नाही. म्हणजे तुम्ही सिगटर्मसाठी काहीच लिहिलं नसेल तर तो वाऱ्यावर जातो. डॉकर दहा सेकंद थांबतो आणि बाहेरून सिगकिल देतो. त्या दहा सेकंदांत तुमचा प्रोग्रॅम नवीन कामं घेत असतो, आणि अकराव्या सेकंदाला ती अर्ध्यावर तुटतात. उपाय दोन. सिगटर्मचा हँडलर लावा, किंवा सिग्नल पुढे पोचवणारी छोटी इनिट प्रोसेस १ क्रमांकावर ठेवा. कंटेनर शेलच्या स्क्रिप्टने सुरू होत असेल तर शेवटच्या ओळीत 'एक्झेक' आहे ना, हेही पाहा. नाहीतर १ क्रमांकावर शेल बसलेलं असतं आणि सिग्नल तुमच्यापर्यंत येतच नाही.

प्रश्न: मी वाचण्यासाठी थांबलेलो असताना सिग्नल आला, तर त्या वाचण्याचं काय होतं?

चांगला प्रश्न. झोपेतून उठवलेला सिस्टीम कॉल अर्धवट असतो. हँडलर लावताना तुम्ही 'पुन्हा सुरू कर' अशी सूचना दिली असेल, तर हँडलरनंतर कर्नेल बहुतेक कॉल पुन्हा चालू करतं. दिली नसेल, तर कॉल 'मध्येच व्यत्यय आला' अशी त्रुटी घेऊन परतो. ही त्रुटी म्हणजे बिघाड नव्हे. तपासा, आणि हवं असेल तर कॉल पुन्हा करा. काही कॉल मात्र सूचना असूनही आपोआप सुरू होत नाहीत, उदाहरणार्थ पोल आणि सिलेक्ट. त्यामुळे ही तपासणी कोडमध्ये असलेली बरी.

वेळ संपत आली आहे. घरी गेल्यावर एक करून पाहा. एखाद्या चालू प्रोसेसच्या क्रमांकाने 'प्रॉक' फोल्डरमधली तिची 'स्टेटस' फाइल उघडा. त्यात 'सिग' आणि 'शड' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या काही ओळी दिसतील. थकबाकीची खासगी यादी, सामाईक यादी, मनाई, दुर्लक्ष आणि हँडलर, आज बोललो ते सगळं तिथे सोळा अंकी संख्यांत लिहिलेलं आहे. तुमच्या सर्व्हरवरच्या सेवेने सिगटर्म पकडलाय की नाही, हे त्यावरून दोन मिनिटांत कळेल. पकडला नसेल, तर उद्याचं पहिलं काम तुम्हाला मिळालं.

पुढच्या वेळी आपण पाइप आणि सामाईक मेमरी पाहू, म्हणजे प्रोसेसना एकमेकींशी एका आकड्यापेक्षा जास्त बोलायचं असेल तेव्हा त्या काय करतात ते.